बादशहा, राणी, गुलाम आणि आम्ही दोघं

टोकियोत राहणाऱ्या मराठी आयटीवाल्याचे शनिवार साधारण दोन प्रकारचे असतात. एक झोपेचा शनिवार, आणि दुसरा "आज कुठेतरी जाऊया ना" हे वाक्य ऐकून उठण्याचा शनिवार. पहिला प्रकार लग्नानंतर दुर्मिळ होत जातो, हे अनुभवी लोकांना सांगायला नकोच!

पण नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी भानगड थोडी वेगळी होती. माझ्या मॅनेजरला सोमवारी उत्तर हवं होतं. इथलं काम अजून तीन वर्षं वाढवायचं की मार्चमध्ये पुण्याला परत जायचं? त्याच वेळी अकोल्याहून बायकोच्या कॉलेजचं पत्र आलेलं. ती तिथे फिजिक्स शिकवायची. दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन माझ्याबरोबर आली, ती रजा जूनमध्ये संपते. हजर होणार की नाही ते कळवा, असं पत्रात होतं. म्हणजे प्रश्न एकच, पण डेडलाइन दोन. गेले तीन आठवडे आम्ही दोघं भाजी, हवा, भाचीचा वाढदिवस अशा सगळ्या विषयांवर बोलत होतो. हा एक विषय सोडून.

आम्ही राहतो निशिकासाईला. तिथे भारतीय इतके की लिफ्टमध्ये मराठीत बोलतानासुद्धा जपून बोलावं लागतं. घरात बोललो तर भांडण होणार आणि बाहेर बोललो तर शेजारच्या काकूंना कळणार. तेव्हा बायको म्हणाली, "चल, योकोहामाला जाऊ. चालता चालता बोलता येतं." आता यावर कोण नाही म्हणणार? थालीपिठं, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा भरून निघालो. (ती शाकाहारी आहे. जपानमध्ये शाकाहारी माणसाने डब्याशिवाय घराबाहेर पडू नये. साध्या दिसणाऱ्या सुपातसुद्धा मासा असतो!)

टोकियो स्टेशनवरून केहिन-तोहोकु नावाची आकाशी पट्ट्याची लोकल पकडली की ती थेट साकुरागिचोला सोडते. पाऊण तासाच्या आतच. गर्दी नव्हती, दोघांना शेजारी शेजारी जागा मिळाली. आता बोलावं म्हटलं, तर समोरचे सगळे प्रवासी गप्प. जपानी लोकलमध्ये आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटतो. राहिलं.

साकुरागिचो हे स्टेशन साधंसुधं नाही बरं का. जपानची पहिली रेल्वे १८७२ साली शिम्बाशी ते योकोहामा अशी धावली, आणि तेव्हाचं 'योकोहामा स्टेशन' म्हणजे हीच जागा. स्टेशनाला लागून असलेल्या इमारतीत त्या काळातलं एक छोटंसं काळं इंजिन ठेवलंय. इंग्लंडहून आणलेलं. मी पडलो ठाणेकर, त्यामुळे छाती लगेच फुगली. "आमच्या ठाण्याला १८५३ साली गाडी आली. यांच्या आधी १९ वर्षं!" बायकोने इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणि आता कोणाची गाडी वेळेवर येते?" विषय संपला. जाता जाता एक माहिती : त्या वेळी जपानने घेतलेला रूळ १०६७ मिलिमीटर रुंदीचा, आपला ब्रॉडगेज १६७६ चा. एकदा घेतलेला निर्णय दीडशे वर्षं कसा पुरतो बघा. जपानच्या बहुतेक जुन्या लाइनी आजही त्याच अरुंद रुळांवर धावतात, आणि शिन्कान्सेनसाठी त्यांना रुंद रूळ वेगळे टाकावे लागले. सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं नवीन नाही.

स्टेशनातून बाहेर पडलं की किशामिची नावाची पायवाट लागते. जुन्या मालगाडीच्या रुळांची, दोन्ही बाजूंनी पाणी. डोक्यावरून केबल कारचे डबे जात असतात, समोर मोठ्ठं पाळण्याचं चाक. एकूण सगळं एखाद्या ब्रोशरसारखं चकाचक. तिथून चालत लाल विटांच्या गोदामांपर्यंत आलो. १९११ आणि १९१३ सालची कस्टमची गोदामं ती. १९८९ पर्यंत गोदाम म्हणून वापरात होती, आणि २००२ पासून आत दुकानं आणि खाण्याच्या जागा आहेत. पण आम्ही आलो होतो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

योकोहामाच्या जुन्या भागात तीन मनोरे आहेत. प्रीफेक्चरच्या कचेरीचा १९२८ सालचा मनोरा म्हणजे किंग. कस्टम हाऊसचा १९३४ सालचा हिरवट घुमटाचा मनोरा म्हणजे क्वीन. आणि बंदराच्या स्मारक सभागृहाचा १९१७ सालचा लाल विटांचा मनोरा म्हणजे जॅक. खलाशांनी पत्त्यांवरून ही नावं ठेवली असं म्हणतात. आपल्या भाषेत बादशहा, राणी आणि गुलाम! गावात अशी समजूत आहे की जिथून तिन्ही मनोरे एकाच वेळी दिसतात अशा तीन जागा एका दिवसात फिरून आलं की मनातली इच्छा पुरी होते. पहिली जागा या गोदामांजवळ, दुसरी निहोन-ओदोरी रस्त्यावर कचेरीसमोर, तिसरी ओसान्बाशी धक्क्यावर. जमिनीवर खुणासुद्धा करून ठेवल्यात, कुठे उभं राहायचं त्याच्या.

"यातला बादशहा कोण आणि गुलाम कोण?" मी विचारलं.

"गुलाम तर ठरलेलाच आहे," ती म्हणाली. "सोमवारी मॅनेजरला उत्तर द्यायचंय ज्याला, तो."

खुणेवर उभं राहून दोघांनी डोळे मिटले. काय मागितलंस हे मी विचारलं नाही, तिनेही नाही. एकमेकांच्या उलट काही मागितलं असेल तर मनोऱ्यांनी काय करावं, हा विचार मात्र माझ्या डोक्यात येऊन गेला.

पुढे झोउ-नो-हाना नावाची बाग आहे. नावाचा अर्थ हत्तीची सोंड! बंदराचा जुना बांध सोंडेसारखा वळलेला म्हणून हे नाव. योकोहामा बंदर १८५९ साली परदेशी व्यापाराला उघडलं, त्याला १५० वर्षं झाली तेव्हा २००९ साली ही बाग केली. त्याआधी योकोहामा म्हणजे एक कोळीवाडा होता, आणि आज जपानमधल्या शहरांत लोकसंख्येने टोकियोच्या खालोखाल नंबर. आम्ही सोंडेजवळच्या बाकावर बसून थालीपीठ खाल्लं. शेजारच्या आजीबाईंना लसणाचा वास गेला असावा. त्या आमच्याकडे बघून गोड हसल्या आणि दोन बाकं पलीकडे जाऊन बसल्या.

निहोन-ओदोरी हा रस्ता नोव्हेंबरात बघावा. दोन्ही बाजूंना गिंकोची झाडं, पिवळीधम्मक. १८६६ साली इथे मोठी आग लागली आणि गाव जळालं. पुन्हा तशी आग पसरू नये म्हणून ब्रन्टन नावाच्या इंजिनियरच्या आराखड्यावर हा इतका रुंद रस्ता केला. म्हणजे आज लोक ज्याचे फोटो काढतात, तो मुळात आग अडवण्याचा बंदोबस्त! आम्ही तिथली खूण शोधून दुसऱ्यांदा डोळे मिटले. मग बायकोने मला एका जुन्या इमारतीच्या अंगणात नेलं.

ही इमारत आधी ब्रिटिश वकिलात होती, आता तिथे शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. अंगणात एक झाड आहे, तामाकुसु म्हणतात त्याला. १८५४ साली अमेरिकेचा कमोडोर पेरी आणि जपानी अधिकारी यांच्यात तह झाला तो इथेच, या झाडाच्या आसपास. त्या वेळच्या चित्रातही ते झाड दिसतं. मग १८६६ च्या आगीत झाड जळालं आणि बुंध्यातून परत फुटलं. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात योकोहामा जवळजवळ सगळं कोसळलं आणि पेटलं, तेव्हा झाड पुन्हा जळालं. राहिलेल्या मुळातून पुन्हा कोंब आले. आता पुन्हा डेरेदार सावली आहे त्याची.

बायको बराच वेळ तिथे उभी होती. मी म्हटलं, "काय बघतेस एवढं?"

"पाहून राहिले की हे हललं नाही. सगळं जळलं तरी जिथल्या तिथेच फुटलं." (अकोल्याची भाषा तिच्या तोंडी विचारात असली की येते.)

मी लगेच वकिली केली. म्हटलं, झाडाला पाय नसतात, त्याला दुसरा इलाजच नाही. ती काही बोलली नाही. पण विषयाला सुरुवात झाली होती, हे दोघांनाही कळलं.

तिथून यामाशिता पार्क. समुद्राला लागून लांबच लांब बाग. १९२३ च्या भूकंपात पडलेल्या घरांचा राडारोडा समुद्रात भरून त्याच्यावर ही बाग केली आणि १९३० साली उघडली. आपण हिरवळीवर बसतो ती खरं तर कोणाच्या तरी स्वयंपाकघरावर. हे कळल्यावर मला तिथे चपला घालून चालायला जरा जड गेलं.

आणि बागेच्या एका टोकाला काय असावं? एक छत्री! पावसातली नव्हे, आपल्याकडे समाधीवर किंवा घाटावर असते तशी. घुमट, कमानी, छताला आतून रंगीत नक्षी, आणि मध्ये पाणी पिण्याची जागा. याला म्हणतात इंडो सुइतो, म्हणजे भारतीय पाणपोई म्हणा ना. त्याची गोष्ट अशी. भूकंपाआधी योकोहामात रेशमाचा व्यापार करणारे बरेच भारतीय होते, त्यात सिंधी जास्त. भूकंपात त्यांचीही माणसं गेली, पेढ्या गेल्या. जे वाचले त्यांना इथल्या लोकांनी मदत केली. पुष्कळजण कोबेला निघून गेले. मग रेशमाचा व्यापार हातचा जाऊ नये म्हणून योकोहामाने या लोकांना परत बोलावलं, त्यांच्यासाठी घरं बांधली. काही परत आले, काही कोबेतच राहिले. कोबेत आजही भारतीयांची जुनी वस्ती आहे. भूकंपातल्या मदतीची आठवण आणि गेलेल्या आपल्या माणसांचं स्मारक म्हणून भारतीयांनी १९३९ साली ही पाणपोई शहराला दिली.

उपकार झाले म्हणून पाणपोई बांधायची, ही कल्पना मात्र शंभर टक्के आपली. बायकोने खांबाला हात लावला. "बाप्पा! यांना पण कोणीतरी विचारलंच असेल ना, परत जायचं की राहायचं?"

"विचारलं असेल."

"शेठजींना विचारलं असेल," ती म्हणाली. "शेठाणीला कोणी विचारलं असेल का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. समोर हिकावा मारू उभी होती. मी म्हटलं, चल, बोट बघू.

हिकावा मारू म्हणजे १९३० सालची प्रवासी बोट, १६३ मीटर लांब. सिअॅटलला जायची. १९३२ साली चार्ली चॅप्लिन यातून गेला होता. युद्धात तिचं हॉस्पिटल केलं, आणि जपानच्या मोठ्या प्रवासी बोटी एकेक करून बुडाल्या त्यातून ही वाचली. १९६० साली निवृत्त झाली, पुढच्या वर्षापासून इथेच बांधून ठेवलीय. वर पहिल्या वर्गाचं पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथचं जेवणघर, खाली तिसऱ्या वर्गाच्या एकावर एक बर्थ. आणि सगळ्यात खाली इंजिनरूम. दोन प्रचंड डिझेल इंजिनं, डेन्मार्कची. मी तिथे अर्धा तास काढला असता, पण फिजिक्सच्या बाईंनी माझ्याआधीच गाइडची पाटी वाचून मला सगळं समजावून सांगितलं. अगदी वर्गात सांगतात तसं, हातवारे करून. शेजारी एक जपानी मुलगा आईचा हात धरून उभा होता. त्याला शब्द कळत नव्हता, पण तिच्या हातांकडे बघून तो पिस्टन वर जातो, खाली येतो हे समजत होता. दोन वर्षांत तिला मी असं बोलताना पाहिलं नव्हतं. इथे तिला आठवड्याला २८ तास काम करायची परवानगी आहे, आणि ती एका गोदामात डबे भरायचं काम करते. पगार चांगला आहे. ते वाईट काम आहे असं ती कधी म्हणाली नाही.

डेकवर आल्यावर मी तिला म्हटलं, "ज्या कंपनीची ही बोट, त्या निप्पॉन युसेनने १८९३ साली मुंबईची बोट सुरू केली. जमशेटजी टाटांच्या बरोबर. कशासाठी माहितीये? कापसासाठी."

"म्हणजे आमच्या वऱ्हाडच्या," ती म्हणाली. अकोला-खामगावच्या माणसाला कापूस म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये याच बंदरातून एम्प्रेस ऑफ इंडिया नावाच्या बोटीने विवेकानंद अमेरिकेला गेले, आणि त्याच बोटीवर जमशेटजीही होते. पाच वर्षांनी विवेकानंदांना लिहिलेल्या पत्रात जमशेटजींनी त्या सहप्रवासाची आठवण काढली आहे, आणि भारतात विज्ञानाची संस्था काढायच्या कामात मदत मागितली आहे. तीच पुढे बंगलोरची इन्स्टिट्यूट झाली. "बघ, दोघेही परतच गेले," बायको म्हणाली. मी म्हटलं, हो, पण जाऊन येऊन गेले. दोघंही हसलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच या विषयावर.

चायनाटाउनमध्ये तिला खाता येईल असं एकच सापडलं, भाजलेले चेस्टनट. विकणारे हातात कोंबून चव बघायला लावतात. चव शिंगाडा आणि रताळ्याच्या मधली. गरम पिशवी खिशात घालून, सूर्य बुडायच्या बेताला ओसान्बाशी धक्क्यावर पोचलो. हा धक्का २००२ साली नवा बांधला. वर सगळी लाकडाची जमीन, चढउतार असलेली. लोक तिला देवमाशाची पाठ म्हणतात. जिना नाही, पायरी नाही, आपण कधी वर आलो ते कळतच नाही. तिसरी खूण सापडली. दिवे लागले होते. बादशहा, राणी, गुलाम एका ओळीत.

डोळे मिटायच्या आधी ती म्हणाली, "मला एक सांगायचंय. जपान मला आवडतं. राहायचं की जायचं, यावर माझं भांडण नाहीच. पण आपण दोघं दर वेळी तुझ्या तारखेवरून ठरवतो. मार्च तुझा असतो, एप्रिल तुझा असतो. एकदा माझ्या जूनपासून मोजून बघ."

आम्ही आयटीवाले दिवसभर उलटे हिशोब करतो. डिलिव्हरीची तारीख धरायची आणि मागे यायचं. हा हिशोब अवघड नव्हता. जूनमध्ये ती कॉलेजला हजर होणार. मी तीन वर्षांऐवजी एकच वर्ष वाढवून मागणार, त्यात इथलं चालू काम पुरं होतं, आणि पुढच्या मार्चला परत. मधले नऊ-दहा महिने वेगळं राहायचं. पैसे कमी मिळणार, आणि संध्याकाळी घरी आल्यावर घर रिकामं असणार. हे दोन्ही तिथेच, चेस्टनट सोलता सोलता बोललो. वारा बोचरा होता, पण तासभर कोणी ऊठ म्हणालं नाही. शेवटी डोळे मिटायचे राहिलेच. सगळं बोलून झाल्यावर मागायला काही उरलंही नव्हतं.

सोमवारी मी मेल लिहिली. मॅनेजर साहेबांनी "केन्तो शिमास", म्हणजे विचार करतो, असं उत्तर दिलंय. जपानमध्ये नोकरी केलेल्यांना या वाक्याचा अर्थ माहीत आहे! बहुतेक नाहीच म्हणतील. तसं झालं तर मी मार्चमध्येच परत येईन, तेही ठरलंय. अकोल्याचं पत्र मात्र मंगळवारी पोस्टात पडलं, आणि त्यात विचार करतो वगैरे काही नाही. हजर होत आहे, एवढंच आहे.

असो. तुम्ही कधी योकोहामाला गेलात तर केबल कार, पाळणा वगैरे जरूर करा. पण दोन गोष्टी चुकवू नका : अंगणातलं ते दोनदा जळलेलं झाड आणि बागेतली आपली पाणपोई. एक जागा न सोडलेलं, आणि दुसरी जागा सोडून पुन्हा आलेल्यांची. दोन्ही चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. डबा न्यायला विसरू नका.